बिजागरी कुणाच्या बाजूची?

रस्त्याच्या डाव्या कडेला फोर्ड इकोस्पोर्ट लावायची, मागे यायचं आणि डिकी उघडायची. दार वर जात नाही, आडवं उघडतं. मूठ उजव्या टेललाइटमध्ये लपवलेली, बिजागरी डावीकडे. त्यामुळे उघडलेलं दार नेमकं आपल्या आणि फुटपाथच्या मधे उभं राहतं. हातात पिशव्या घेऊन फुटपाथवरून आलेल्या माणसाने दाराला वळसा घालून वाहत्या रस्त्यात उतरायचं आणि मग सामान ठेवायचं. वर त्या दारावर स्टेपनी लटकवलेली, म्हणजे दार जड. मागे दुसरी गाडी चिकटून उभी असेल तर ते पुरतं उघडतही नाही.

ज्यांनी ते दार आखलं त्यांचं काही चुकलं नव्हतं. इकोस्पोर्ट जन्माने ब्राझीलची. बाहिया राज्यातल्या कामासारीच्या कारखान्यातून ती २००३ साली बाहेर पडली. फिएस्टाच्या सांगाड्यावर उंच अंग चढवून फोर्डने स्वस्तात एक दणकट दिसणारी गाडी काढली आणि ती तिथे तुफान चालली. ब्राझीलमध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, फुटपाथही उजवीकडेच येतो, तेव्हा डावीकडची बिजागरी तिथे अगदी बरोबर. पुढे दुसरी पिढी ‘जगाची गाडी’ म्हणून आखली गेली. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती मांडली, २०१३ च्या जूनमध्ये आपल्याकडे विक्रीला आली. चेन्नईजवळच्या मरैमलै नगरात ती बनू लागली आणि तिथूनच २०१८ पासून जहाजात बसून अमेरिकेलाही गेली. स्टीअरिंग देशागणिक डावीकडून उजवीकडे सरकलं. बिजागरी होती तिथेच राहिली.

जपान्यांनी हाच प्रकार उलट्या बाजूने केला. टोयोटाच्या आरएव्ही४ची मागच्या दाराची बिजागरी उजवीकडे, कारण जपान आपल्यासारखा डावीकडून चालणारा. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी ते उलटं दार २०१२ पर्यंत सोसलं. २०१३ च्या मॉडेलला वर उघडणारं दार आलं, तेव्हा वाद मिटला. होंडाच्या सीआर-व्हीने २००७ च्या मॉडेलमध्येच ही सुधारणा केली होती. सुझुकीची जिम्नी आजही उजव्या बिजागरीचीच आहे. गुरुग्राममध्ये बनणारी पाच दारांची जिम्नी उजवीकडून चालणाऱ्या देशांतही जाते, आणि तिथल्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला आपल्या इकोस्पोर्टवाल्याचीच कसरत येते.

दोन बाजूंची दोन दारं का करत नाहीत? एका दारामागे पत्रा दाबायचे डाय असतात, वेल्डिंगचे साचे असतात, बिजागरी जिथे बसते त्या खांबाला वेगळी मजबुती असते, कुलूप आणि वायरिंगची उलटी मांडणी असते, आणि हे सगळं बदललं की चाचण्या पुन्हा. डायचा खर्च लाखो गाड्यांवर पसरला तरच परवडतो. स्टीअरिंगची बाजू बदलली नाही तर गाडी विकताच येत नाही, म्हणून तो खर्च कंपनी निमूट करते. बिजागरी उलटी असली तरी गाडी विकली जाते. माझ्या मते छोट्या एसयूव्हींच्या वर्गातल्या सगळ्या तडजोडींचं मर्म इथेच आहे. गिऱ्हाईक शोरूममध्ये ज्याला हात लावत नाही, तिथे तडजोड ढकलली जाते. मोठा स्क्रीन, सनरूफ, चकचकीत दिव्यांची पट्टी यांना कात्री लागल्याचं कधी पाहिलंय? युरोपीय घराण्याच्या गाडीत इंडिकेटरची दांडी डावीकडे असते. तिकडे डावा हात मोकळा असतो म्हणून ते सोयीचं. आपल्याकडे तोच डावा हात गिअरही बदलतो आणि वळणावर दोन्ही कामं एकदम अंगावर येतात. टेस्ट ड्राइव्हच्या दहा मिनिटांत हे कुणाच्या लक्षात येणार?

आता भारताने जगाला दिलेली तडजोड. फेब्रुवारी २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी कोणती? लांबी ४ मीटरपर्यंत, आणि इंजीन पेट्रोलचं असेल तर १,२०० सीसी, डिझेलचं असेल तर १,५०० सीसीपर्यंत. त्या वेळी डोळ्यांसमोर हॅचबॅक असणार. पण सवलतीची रेघ आखली की सगळे तिला चिकटून घर बांधतात. मारुतीची ब्रेझा, ह्युंदाईची व्हेन्यू, कियाची सोनेट, चाकणला बनणारी स्कोडाची कायलॅक, महिंद्राची एक्सयूव्ही३०० अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या सांगाड्यांवरच्या गाड्या. लांबी मात्र प्रत्येकीची ३,९९५ मिलिमीटर. उरलेले पाच बहुधा कारखान्यातल्या कमी-जास्तीसाठी सोडलेले असावेत.

चार मीटरमध्ये गाडी बसवायची तर कापायचं कुठे? पुढून फार कापता येत नाही. तिथे इंजीन, रेडिएटर आणि धडक सोसून चुरगळणारा पत्रा असतो. मधून कापलं तर मागच्या सीटवर गुडघे आपटतात, आणि आपल्याकडे मागची सीट म्हणजे आई-वडील, मुलं, कधी तिघंचौघं. तिथली जागा घरचा प्रत्येक जण बसून तपासतो. राहतं शेपूट. नाशिकला बनलेली एक्सयूव्ही३०० याचा स्वच्छ नमुना आहे. महिंद्राने २०११ मध्ये ताब्यात घेतलेल्या कोरियाच्या सँगयाँगची टिवोली ही तिची थोरली बहीण. टिवोली ४.२ मीटर लांब. दोघींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तेच, २,६०० मिलिमीटर. दोनशे मिलिमीटर गेले ते मुख्यतः मागच्या चाकाच्या पलीकडचे. टिवोलीची डिकी ४०० लिटरच्या वर आणि एक्सयूव्ही३००ची २६०च्या आसपास. पाच माणसांची गाडी आणि दोन माणसांचं सामान. इथे एक कबूल करायला हवं की धडकेच्या सुरक्षेत तिने हात आखडला नाही. ग्लोबल एनसीएपीच्या चाचणीत २०२० साली तिला पाच तारे मिळाले.

इकोस्पोर्टचंही तेच. स्टेपनी नसलेली युरोपातली गाडी सुमारे ४.१ मीटरची, भारतातली ४ मीटरच्या आत. बंपरच्या घडणीत दहा सेंटीमीटर वाचवले. इंजिनांतही रेघ दिसत होती. एक लिटरचं टर्बो पेट्रोल आणि दीड लिटरचं डिझेल सवलतीत बसलं, दीड लिटरचं साधं पेट्रोल बसलं नाही. अमेरिकेत तीच गाडी दोन लिटरच्या इंजिनासह, चारही चाकं फिरवणारी मिळत होती. तरी तिथल्या परीक्षकांनी नाकं मुरडली, आणि त्यांचंही बरोबर होतं. २०१२ सालची घडण त्यांच्यापर्यंत सहा वर्षांनी पोहोचली होती.

व्हेन्यूची गोष्ट आणखी गमतीची. अमेरिकेतली व्हेन्यू कोरियात बनते आणि आपल्यापेक्षा जेमतेम साडेचार सेंटीमीटर लांब आहे, म्हणजे फरक बंपरपुरता. इंजीन १.६ लिटरचं. टेक्सासात पेट्रोल भरणाऱ्या माणसाला आपलं अर्थ मंत्रालय ठाऊक असायचं कारण नाही. पण त्याच्या डिकीत मोठी बॅग का मावत नाही, याचं अर्धं उत्तर दिल्लीत आहे.

या गाड्यांना एसयूव्ही म्हणावं का, यावर माझं मत फारसं चांगलं नाही. बहुतेक सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, खाली काळं प्लॅस्टिक लावलेल्या उंच हॅचबॅक आहेत. मजा म्हणजे सरकारचंही मत हेच आहे. जीएसटी परिषदेने एसयूव्हीच्या जादा सेससाठी जी व्याख्या धरली, तिच्यात लांबी ४ मीटरपेक्षा जास्त, इंजीन १,५०० सीसीच्या वर आणि रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स किमान १७० मिलिमीटर, असं सगळं हवं होतं. म्हणजे जाहिरातीत एसयूव्ही आणि कराच्या पावतीवर छोटी मोटार. ‘रिकाम्या’ हा शब्दही लक्षात ठेवावा. माहितीपत्रकातले १९० मिलिमीटर पाच माणसं आणि गणपतीला गावी न्यायचं सामान भरल्यावर उरत नाहीत. ब्रेझाने तर २०२० पासून फक्त दीड लिटरचं पेट्रोल इंजीन ठेवलं. अंग सवलतीच्या मापाचं आणि कर मोठ्या गाडीचा, अशी ती दोन्हीकडून अडकली. डिझेल इंजिनासाठी कापलेली लांबी डिझेल गेल्यावर परत जोडता येत नाही.

इकोस्पोर्टच्या दारावरच्या स्टेपनीचा निकाल मात्र सहज लागला. टायर ट्यूबलेस असेल, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर जादा चाक सक्तीचं नाही, असा नियम भारतात २०२० मध्ये आला. २०२१ च्या मार्चमध्ये फोर्डने इकोस्पोर्टची एसई आवृत्ती काढली, मागे चाक नसलेली, अमेरिकेतल्यासारखी. दार हलकं झालं, दिसायलाही बरं. त्याच सप्टेंबरात फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. ब्राझीलमधलं वर्षाच्या सुरुवातीलाच थांबवलं होतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. छोट्या गाडीला १८ टक्के, बाकीच्यांना ४०, आणि वरचा सेस गेला. दर उतरले म्हणून सगळे खूश झाले, पण चार मीटरची रेघ पुसली गेली नाही. उलट अलीकडे-पलीकडे २२ टक्क्यांचं अंतर पडलं. पुण्याजवळ तळेगावला बनू लागलेली नवी व्हेन्यू रुंदी-उंचीने वाढली, पण लांबीला ३,९९५ वरच थांबली.

विजेच्या गाडीला मात्र ही पट्टी लागत नाही. तिच्यावर सरसकट ५ टक्के कर, लांबी कितीही असो. महिंद्राने एक्सयूव्ही३००ची विजेवरची आवृत्ती काढली ती एक्सयूव्ही४००. चाकांमधलं अंतर तेच २,६०० मिलिमीटर, आणि एकूण लांबी ४.२ मीटर. डिकी ३७८ लिटरची. कापलेलं शेपूट कंपनीने मुकाट्याने परत जोडून दिलं.