न वळता आकाश ऐकणारी झाडे

जयपूरच्या जंतरमंतरमधले सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेले हे यंत्र जागचे हलत नाही; सरकते ती सावली. पश्चिम ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या ‘स्का-लो’ या रेडिओ दुर्बिणीचेही असेच आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या प्रचंड तबकड्या हव्या त्या दिशेला वळतात. इथे मात्र नाताळच्या झाडासारख्या, दोन मीटर उंचीच्या १,३१,०७२ शंक्वाकृती अँटेना एका जागी उभ्या राहणार आहेत.

हा निमुळता आकार शोभेसाठी नव्हे बरं का! बुडाकडच्या लांब दांड्या लांब लहरी पकडतात, शेंड्याकडच्या आखूड दांड्या आखूड लहरी. म्हणून एकच झाड ५० ते ३५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते.

मग दिशा कशी साधायची? तिरकी लहर एका झाडावर आधी, दुसऱ्यावर किंचित उशिरा पोहोचते. संगणक आधी आलेला संकेत तेवढाच रोखून धरतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. त्या दिशेचा आवाज वाढतो, बाकीचा बुजतो.

ही सारी धडपड आहे पहिल्या ताऱ्यांच्या काळातील हायड्रोजनच्या क्षीण लहरींसाठी. याच पट्ट्यात आपली एफएम केंद्रेही गात असतात, म्हणून इतका विरळ वस्तीचा मुलूख गाठावा लागला. भारताने प्रकल्पासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले असून, दुर्बिणीचा कारभार हाकणाऱ्या संगणकप्रणालीत पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचा मोठा वाटा आहे.