रॉयल्टीचा आठवा हिस्सा

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गाला रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत शिकवीत होतो. जमिनीचा मालक काही न करता उत्पन्न कसे मिळवितो, हे सांगताना अमेरिकेतील नैसर्गिक वायूच्या विहिरींचे उदाहरण दिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तिथं शेतात गॅस लागला की मालक घरबसल्या श्रीमंत होतो म्हणे. खरं का? आणि त्या शेतातल्या मजुराला काय मिळतं?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. माझा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबला. त्या मुलाच्या दोन्ही प्रश्नांची धड उत्तरे तेव्हा मला देता आली नाहीत. ती इथे मांडतो.

प्रथम मालकाचे पाहू. अमेरिकेत जमिनीच्या मालकाकडे सर्वसाधारणपणे जमिनीखालच्या तेलाची व वायूचीही मालकी असते. पण वरची जमीन आणि खालचा हक्क हे वेगवेगळे विकता येतात. आजोबाने शेत विकले आणि खालचा हक्क स्वतःकडे ठेवला, असे पेनसिल्व्हेनिया राज्यात पुष्कळ घडले आहे. तेथील न्यायालयाने १८८२ साली ठरविले, की खरेदीखतात नुसता 'खनिज' हा शब्द असेल तर त्यात तेल व वायू धरला जात नाही. २०१३ साली हाच नियम पुन्हा उचलून धरला गेला. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदावरील एका शब्दावर आजच्या शेतकऱ्याचे नशीब अवलंबून राहते. घर त्याचे, शेत त्याचे, आणि वायू कुणा भलत्याचाच, असेही निघते.

हक्क शाबूत असला तर कंपनी भाडेपट्टा करते. सही होताच एकरी ठरलेली रक्कम मिळते, तिला बोनस म्हणतात. पेनसिल्व्हेनियात सुरुवातीला घाईने सह्या करणाऱ्यांना एकरी काही डॉलर मिळाले आणि २००८ च्या सुमारास थांबलेल्या शेजाऱ्यांना काही हजार मिळाले. पुष्कळांच्या जमिनीवर पुढे विहीर झालीच नाही. त्यांच्या हाती आले ते एवढेच.

विहीर झाली तर रॉयल्टी सुरू होते. पेनसिल्व्हेनियाच्या १९७९ च्या कायद्याने ती किमान आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के असली पाहिजे. आठवा हिस्सा ऐकून डोळे विस्फारतात. पण तो कशाचा, ते पाहावे लागते. आजची विहीर खोल जाऊन मग आडवी वळते आणि अनेकांच्या शेतांखालून जाते. ती सगळी शेते मिळून एक युनिट धरतात. समजा, युनिट ६४० एकरांचे आहे आणि आपल्या शेतकऱ्याचे त्यात ५० एकर आहेत. ५० भागिले ६४०, गुणिले एक अष्टमांश. उत्तर येते ०.००९७६५६. हा दशांश त्याच्या धनादेशाबरोबरच्या कागदावर छापलेला असतो. शंभरातला एक डॉलरही पुरता नाही.

आता उदाहरणापुरते धरू, की विहिरीतून महिन्याला एक लाख एकक वायू निघाला (एक एकक म्हणजे हजार घनफूट) आणि एककाला अडीच डॉलर भाव मिळाला. विक्री अडीच लाखांची, शेतकऱ्याचा वाटा सुमारे २,४४० डॉलर. पण वायू गोळा करणे, सुकविणे, दाबाखाली वाहून नेणे यांचा खर्च कंपनी कापून घेते. २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कपात १९७९ च्या कायद्यात बसते असे ठरविले. एककाला एक डॉलर कापला तर २,४४० चे १,४६५ होतात. कपात होणार नाही असे कलम ज्याने सहीपूर्वी घालून घेतले, तो वाचला. ज्याच्याजवळ वकील नव्हता, त्याने छापील कागदावर सही केली.

शिवाय विहीर आटते. अशा विहिरींचे उत्पादन पहिल्याच वर्षात बहुधा निम्म्याहून अधिक घसरते. एक लाखाचे चाळीस हजार झाले, तर तोच धनादेश ५८६ डॉलरवर येतो. पुढे घसरण मंदावते, पण वाढ होत नाही. भावाचीही शाश्वती नाही. अमेरिकेतील प्रमुख बाजारातला वार्षिक सरासरी भाव २००८ मध्ये नऊ डॉलरच्या जवळ होता, २०२० मध्ये दोनच्या आसपास, २०२२ मध्ये साडेसहाच्या जवळ, आणि २०२४ मध्ये पुन्हा दोनच्या थोडा वर. पेनसिल्व्हेनियाच्या वायूला तर अनेकदा याहूनही कमी मिळते. वर प्राप्तिकर असतो, फक्त रॉयल्टीच्या पंधरा टक्क्यांवर सहसा सूट मिळते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: शेकडो एकर, चांगला वकील आणि चांगल्या वेळी केलेला करार ज्याच्याकडे आहे तो श्रीमंत होऊ शकतो. मध्यम शेतकऱ्याचे कर्ज फिटते, छप्पर दुरुस्त होते, एकदोन वर्षे बरी जातात. त्या पैशावर आयुष्य उभे करू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे: काही नाही. कुळाने शेत भाड्याने घेतले असेल, मजूर तिथे राबत असेल, तर मालमोटारींची धूळ आणि आवाज त्यांच्या वाट्याला येतो. धनादेश कागदावरच्या नावाने निघतो.

आणि कागदावर खालच्या माणसाचे नाव आले तरी? ओक्लाहोमात क्रीक लोकांच्या जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हा त्यांच्याकडील पूर्वीच्या काळ्या गुलामांच्या वंशजांनाही हिस्सा मिळाला. सॅरा रेक्टर या लहान मुलीच्या वाट्याला सुमारे १६० एकर आले. शेतीला ते निकस होते. १९१३ साली तिथे तेल लागले. रॉयल्टी तोच आठवा हिस्सा. दिवसाला सुमारे तीनशे डॉलर. आईबाप हयात असताना तिच्या मालमत्तेवर गोरा पालक नेमलेला होता. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, त्यांच्याच संघटनेने १९१४ मध्ये या मुलीच्या प्रकरणात लक्ष घातले. संपत्ती सापडली, की ती सांभाळण्याची अक्कल तुम्हाला नाही असे सांगणारा कुणीतरी उभा राहतोच.

आपल्याकडे हा प्रश्न निराळा आहे. तेल व वायूची रॉयल्टी जमीनमालकाला मिळत नाही. जमिनीवरच्या विहिरीची राज्य सरकारला आणि समुद्रातली केंद्राला जाते. शेतातून वायूची नळवाहिनी गेली तर १९६२ च्या कायद्याने नुकसानभरपाई आणि त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या दहा टक्के मिळतात. जमीन नावावर राहते, पण त्या पट्ट्यात घर बांधायचे नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचे नाही. खालची संपत्ती समाजाची असावी, हे तत्त्व मला अमेरिकेच्या पद्धतीपेक्षा मान्य आहे. पण तो पैसा समाजाच्या कोणत्या पायरीपर्यंत उतरतो, हे विचारल्यावाचून ते तत्त्व अर्धेच राहते.

पुढच्या तासाला मी फळ्यावर पेनसिल्व्हेनियाचा तो दशांश लिहिला. त्याच्याखाली आमच्या घरचा लिहिला. १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली, त्यानंतर पुन्हा नावावर झालेली आमची चार एकर आहेत. सातबाऱ्यावर ३२ नावे आहेत. वडिलांच्या वाट्याला पाच गुंठे येतात. आम्हा चौघा भावंडांत ते वाटले, तर प्रत्येकी सव्वा गुंठा. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी त्याच्या घरचा हिस्सा काढायला सांगितले. तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, आमचा सातबाराच नाही."

त्या तासाला पुढे मी काही शिकविले नाही. ज्यांच्याकडे सातबारा होता त्यांनी तो घरून आणावा, एवढे सांगितले. दुसऱ्या दिवशी अकरा मुलांनी आणला. त्यांतल्या नऊ जणांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच वाचला होता.