मागच्या आसाचा बंदोबस्त

अमेरिकेत जुन्या पिकअपांची हौसेने पुनर्बांधणी करणारे कारागीर मागचे स्प्रिंग-पाटे उतरवून त्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा बसवू लागले, की आसाला जागेवर धरून ठेवण्याचा जो मामला आजवर पाट्यांकडे होता, तो कोणाच्या हवाली करावयाचा, हा प्रश्न अटळपणे उपस्थित होतो; कारण कॉइल स्प्रिंग भार पेलते, पण दिशा देत नाही.

याचे एक उत्तर म्हणजे आसाला चौकटीशी जोडणारी चार समांतर दांड्यांची रचना. ती ड्रॅग शर्यतीत विशेष मान्यता पावली, ती दांडे बसविण्याची छिद्रे बदलून वेग घेताना गाडीचा मागचा भाग किती दबावा हे ठरविता येते म्हणून. तथापि तिला आसाला बाजूस सरकू न देणाऱ्या आडव्या पॅनहार्ड दांड्याचे साहाय्य अपरिहार्य असते, आणि हा दांडा वर्तुळखंडात फिरत असल्यामुळे आस वरखाली होताना किंचित बाजूस ओढला जातो. जेम्स वॉटने १७८४ साली वाफेच्या यंत्रासाठी योजिलेली जोडणी हा दोष जवळजवळ नाहीसा करते. मात्र तिला जागा फार लागते.

चारपैकी वरचे दोन दांडे तिरपे बसविले म्हणजे पॅनहार्डची गरजच उरत नाही, आणि सामान्य रस्त्यावरील गाडीसाठी, सायलेन्सरच्या नळीची अडचण सोसूनही, प्रस्तुत लेखकाचा कौल याच रचनेला आहे.

१९६० ते १९७२ या काळातील अनेक शेव्हरोले पिकअपांत मात्र दोनच लांब भुजा होत्या. पन्हाळीच्या आकाराचे पत्रे पाठीला पाठ लावून त्या घडविल्यामुळे वळणावर पीळ सोसत, आणि हीच पद्धत पुढे नॅसकारच्या शर्यतींत रुजली.