बदलल्याशिवाय ओओपी कळत नाही

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे ओओपी, शिकवायला घेतात आणि अनेकांच्या लेखी हा विषय चार व्याख्यांत संपतो: एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. ओरलला त्याच विचारल्या जातात, जर्नलमध्ये ‘अ‍ॅनिमल’पासून ‘डॉग’ तयार होतो आणि मार्क मिळतात. पण शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला बसल्यावर कोणतं काम कोणत्या क्लासकडे द्यायचं, हे त्याच विद्यार्थ्याला ठरवता येत नाही. हा त्याच्या बुद्धीचा दोष नाही. ओओपी ज्या अडचणीवर उपाय आहे ती त्याच्यासमोर कधी आलेलीच नसते. चालू असलेला प्रोग्रॅम बदलायचा आणि बाकीचा मोडू द्यायचा नाही, ही ती अडचण.

इतिहासही हेच सांगतो. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगोर यांना प्रत्यक्षातल्या व्यवस्था संगणकावर चालवून पाहायच्या होत्या. रांगेतलं गिऱ्हाईक आणि खिडकीवरचा कारकून एकाच वेळी आपापल्या परीनं वागतात. ते वागणं आणि त्याला लागणारी माहिती एकत्र ठेवायची गरज त्यातून निर्माण झाली. त्यांच्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास, सबक्लास आणि व्हर्च्युअल प्रोसीजर तिन्ही होते. पुढे १९७२ साली डेव्हिड पार्नस यांनी एकच प्रोग्रॅम दोन प्रकारे विभागून दाखवला. एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, आणि एकदा पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका भागात दडवून. माहिती साठवण्याची रीत बदलली की पहिल्या रचनेत बहुतेक सगळे भाग उघडावे लागत, दुसऱ्या रचनेत एखादाच. एन्कॅप्सुलेशनचा खरा अर्थ इथे आहे. प्रत्येक व्हेरिएबल प्रायव्हेट करून लगेच त्याचे गेटर-सेटर लिहून दिले, तर दडवलेलं सगळं पुन्हा उघड्यावर येतं.

इनहेरिटन्सचं तर एक उदाहरण वर्गात मुद्दाम मोडून दाखवावं. चौरस हा आयतच असतो, म्हणून ‘रेक्टँगल’पासून ‘स्क्वेअर’ काढला. स्क्वेअरच्या चारही बाजू सारख्या हव्यात, म्हणून त्यात रुंदी बदलली की उंचीही बदलते. आता आयतासाठी लिहिलेलं जुनं फंक्शन रुंदी ५ करतं, मग उंची ४ करतं आणि क्षेत्रफळ २० येईल असं धरून चालतं. त्याला स्क्वेअर दिला की उत्तर येतं १६. कंपायलर गप्प राहतो, कारण व्याकरणाची चूक नाही. भूमितीत जे खरं, ते बदलत्या ऑब्जेक्टच्या बाबतीत खरं राहिलं नाही. मूळ क्लासनं दिलेलं वचन सबक्लासनंही पाळलं पाहिजे, हा बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली मांडलेला विचार इथे पाठ करावा लागत नाही. तो १६ या आकड्यातच दिसतो.

यावर कोणी म्हणेल, गो आणि रस्ट या नव्या भाषांनी क्लासचं इनहेरिटन्स ठेवलेलंच नाही, मग हे शिकायचं कशाला? आक्षेपात तथ्य आहे. इनहेरिटन्सचा अतिवापर त्रासदायक ठरतो, म्हणून डिझाइन पॅटर्न्सवरच्या १९९४च्या प्रसिद्ध पुस्तकानंही एका ऑब्जेक्टमध्ये दुसरा ठेवून काम करून घेण्याला झुकतं माप दिलं. पण याही भाषांत माहिती दडवण्याची सोय आहे आणि एकाच हाकेला वेगवेगळ्या प्रकारांनी आपापल्या रीतीनं ओ देण्याचीही. म्हणजे टिकलं ते बदल सोसण्याचं तंत्र, आणि शिकवायचंही तेच.

दुसरा आक्षेप वेळेचा. एका सत्रात प्रॅक्टिकल संपवताना नाकी नऊ येतात, हे खरंच आहे. पण बदल सोसण्याचं तंत्र शिकवायला नवा प्रयोग नको. आहेत त्यांतले दोन कमी करावेत. उरलेल्या वेळात विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमची अदलाबदल करावी आणि दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडमध्ये एक नवी गरज भागवून द्यावी: बँकेच्या प्रोग्रॅममध्ये खात्याचा नवा प्रकार, किंवा अ‍ॅरेऐवजी फाइल. किती क्लास उघडावे लागले ते जर्नलमध्ये लिहावं, आणि शिक्षकांनी ओरलला व्याख्येऐवजी त्याबद्दल विचारावं.