दोन गोळ्या आणि सदतीस दिवस

बालमित्रांनो, आधी एक काम करा. नकाशाचं पुस्तक काढा आणि युरोपच्या पानावर साराएव्हो हे शहर शोधा. सापडलं? आता इराकमध्ये तैग्रिस नदीच्या काठी, बगदादच्या खालच्या अंगाला, कूत हे गाव शोधा. साराएव्होमध्ये १९१४ साली दोन गोळ्या सुटल्या आणि दीड-दोन वर्षांनी आपल्याकडचे मराठा शिपाई कूतच्या वेढ्यात उपाशी अडकले. कुठे साराएव्हो, कुठे कूत आणि कुठे आपला महाराष्ट्र! हे घडलं तरी कसं?

दोन टोळ्या

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १८७१ साली फ्रान्सचा पराभव करून जर्मन साम्राज्य उभं राहिलं. त्याची घोषणा झाली कुठे? तर फ्रान्सच्याच व्हर्सायच्या राजवाड्यात, आरसेमहालात! शिवाय अल्सेस आणि लॉरेन हा फ्रान्सचा प्रदेश जर्मनीने घेतला. फ्रान्सला हे शल्य टोचत राहिलं.

फ्रान्स कधीतरी सूड उगवणार, हे जर्मनीही जाणून होता. म्हणून १८७९ साली त्याने ऑस्ट्रिया-हंगेरीशी करार केला. १८८२ साली इटलीही त्यात आला. ते पाहून फ्रान्सने १८९४ साली रशियाशी दोस्ती केली. इंग्लंड सुरुवातीला दूरच होतं. पण जर्मनीने मोठं आरमार बांधायला घेतलं आणि इंग्लंडच्या पोटात गोळा आला. १९०६ साली इंग्लंडने 'ड्रेडनॉट' ही प्रचंड युद्धनौका समुद्रात उतरवली, तशा नौका जर्मनीनेही बांधल्या. याच सुमारास इंग्लंडने १९०४ साली फ्रान्सशी आणि १९०७ साली रशियाशी जुनी भांडणं मिटवून घेतली.

वर्गात दोन टोळ्या पडतात ना, अगदी तसंच! 'माझ्या मित्राला हात लावाल तर खबरदार,' असं दोन्हीकडून बजावणं सुरू झालं. प्रत्येकाला वाटत होतं, की अशाने आपण सुरक्षित राहू.

गंमत म्हणजे यातले तीन राजे एकमेकांचे नातेवाईक होते. इंग्लंडचा पंचम जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर विल्यम हे मामे-आतेभाऊ. जॉर्ज आणि रशियाचा झार निकोलस हे मावसभाऊ. विल्यमची मावसबहीण म्हणजे निकोलसची बायको! पंचम जॉर्ज तुम्हाला ठाऊक आहे बरं का. तो १९११ साली मुंबईला उतरला, त्याचीच आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया बांधलं.

सदतीस दिवस

आता २८ जून १९१४ हा दिवस पाहा. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्सिस फर्डिनंड पत्नी सोफीसह साराएव्होला आला होता. बोस्निया हा प्रांत ऑस्ट्रियाने १९०८ साली आपल्या राज्याला जोडून घेतला होता, त्याचा तिथल्या सर्ब तरुणांना संताप होता. युवराजाची मोटार चुकीच्या वळणावर वळली आणि थांबली. समोरच गॅव्ह्रिलो प्रिन्सिप हा एकोणीस वर्षांचा मुलगा पिस्तूल घेऊन उभा होता. त्याने दोन गोळ्या झाडल्या. युवराज आणि सोफी दोघंही मरण पावली.

यामागे शेजारच्या सर्बियाचा हात आहे, असं म्हणत ऑस्ट्रियाने २३ जुलैला त्याला निर्वाणीचा खलिता धाडला. उत्तराला मुदत फक्त ४८ तास! सर्बियाने जवळजवळ सगळ्या अटी मान्य केल्या. ते उत्तर वाचून खुद्द कैसरने लिहिलं, की आता युद्धाला कारणच उरलं नाही. तारीख होती २८ जुलै. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं.

सर्बियाच्या पाठीशी रशिया होता. ३० जुलैला झारने सगळ्या सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम दिला. त्या दिवसांत झार आणि कैसर एकमेकांना तारा करत होते, 'विली' आणि 'निकी' अशा घरगुती नावांनी! पण जर्मन सेनापतींची योजना आधीच ठरलेली होती. रशियाचं अवाढव्य सैन्य गोळा व्हायला वेळ लागणार, तेवढ्या सहा आठवड्यांत बेल्जियममधून घुसून फ्रान्सला हरवायचं आणि मग रशियाकडे वळायचं. रेल्वेगाड्यांची वेळापत्रकंसुद्धा तयार होती. म्हणजे रशियाची तयारी सुरू झाली, की जर्मनीला थांबायला सवडच नाही.

झालं! १ ऑगस्टला जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारलं, ३ ऑगस्टला फ्रान्सशी. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ सालीच मोठ्या राष्ट्रांनी दिली होती. त्याच रात्री इंग्लंडही युद्धात उतरलं. दोन गोळ्यांपासून इथपर्यंत मोजा. फक्त सदतीस दिवस!

युद्ध जगभर पसरलं

मग युरोपचं भांडण जगाचं कसं झालं? या राष्ट्रांच्या वसाहती जगभर होत्या. राजा लढाईत उतरला, की प्रजाही ओढली जायची. भारतातर्फे युद्धाची घोषणा केली ती इंग्रज व्हाइसरॉयने. आपल्या लोकांना कुणी विचारलंच नाही. ऑगस्टमध्ये जपानही लढाईत आला. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एम्डन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या आणि बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. पुढे तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरला.

तुर्कांच्या ताब्यातल्या इराकमध्ये इंग्रजांनी 'पुणे डिव्हिजन' पाठवली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिला कूतमध्ये वेढलं. अन्न संपत आलं, घोडे मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावं लागलं. कैदेत हजारो जण दगावले. साऱ्या युद्धात मिळून दहा लाखांहून जास्त भारतीय परदेशी गेले आणि सुमारे ७४ हजार परतलेच नाहीत. जगभरात तर नव्वद लाखांहून अधिक सैनिक मेले.

११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थंडावल्या. पुढच्या वर्षी जर्मनीला कडक अटींच्या तहावर सही करायला लावली. जागा तीच, व्हर्सायचा आरसेमहाल! तारीखही तीच, २८ जून! आता शल्य जर्मनीच्या मनात गेलं आणि वीस वर्षांनी, १९३९ साली, दुसरं महायुद्ध पेटलं.

मुलांनो, आता वही घ्या आणि त्या सदतीस दिवसांच्या तारखा ओळीने लिहा. कुठल्या दिवशी, कोण थांबला असता, तर हे टळलं असतं? आईबाबांशी यावर वाद घाला. आणि सुट्टीत गावी गेलात, तर जुन्या भिंतींकडे जरा लक्ष द्या. १९१४ च्या युद्धावर गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, हे सांगणाऱ्या दगडी पाट्या महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत आहेत. त्यावर बहुधा नावं नसतात, नुसते आकडे असतात. ती माणसं कोणत्या घरची होती, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा.