फुटबॅगचा खेळाडू व त्याची साधना

क्रिकेटच्या नामांकित फलंदाजाचें चित्र घरोघरीं भिंतीवर लागतें आणि फड जिंकणाऱ्या पहिलवानाची गांवांत मिरवणूक निघते. परंतु कांहीं खेळ असे आहेत कीं, त्यांतील जगज्जेता रस्त्यानें चालला तरी कोणी वळून पाहत नाहीं. अशाच एका खेळाची, व तो खेळणाराच्या आयुष्यक्रमाची, ओळख आज आमच्या विद्यार्थिमित्रांस करून द्यावयाची आहे. त्या खेळाचें नांव फुटबॅग.

फुटबॅग म्हणजे मुठींत सहज मावणारी, सुमारें दोन इंच व्यासाची, गोल पिशवी. तिच्यांत वाळू किंवा प्लॅस्टिकचे बारीक दाणे भरलेले असतात. वजन साधारणतः ५० ग्रॅम. हाताचा स्पर्श होऊं न देतां पायांनीं ती हवेंत खेळवीत ठेवावयाची, एवढाच या खेळाचा मूळ नियम. मुक्तशैलीच्या खेळाडूची पिशवी पुष्कळदां ३२ तुकडे जोडून शिवलेली असते. तुकडे अधिक असले कीं पिशवीस गोलाई चांगली येते व ती पायावर नीट विसावते.

या खेळाचा जन्म एका दुखावलेल्या गुडघ्यांतून झाला, असें म्हटलें तरी चालेल. अमेरिकेंतील ओरेगन सिटी या गांवीं १९७२ सालीं जॉन स्टॉलबर्गर नांवाचा तरुण आपल्या गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर पायांत पुन्हां बळ आणण्याच्या खटपटींत होता. तेथें माइक मार्शल हा त्याचा मित्र हातानें शिवलेली एक लहान पिशवी पायानें उडवीत असे. स्टॉलबर्गरनें व्यायाम म्हणून त्याच्याबरोबर खेळावयास आरंभ केला. गुडघा सुधारला आणि खेळाची गोडीही लागली. दोघांनीं मिळून या पिशवीचा प्रसार करण्याचें ठरविलें. परंतु १९७५ सालीं, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, मार्शल हृदयविकारानें वारला. मित्र गेला म्हणून स्टॉलबर्गरनें हातीं घेतलेलें काम टाकून दिलें नाहीं. 'हॅकी सॅक' या नांवानें ती पिशवी त्यानें शाळाशाळांतून नेली, आणि १९८३ सालीं तिचे हक्क व्हॅम-ओ या खेळणीं बनविणाऱ्या कंपनीनें विकत घेतले. १९८० सालापासून या खेळाच्या जागतिक स्पर्धाही भरूं लागल्या.

पायानें वस्तु हवेंत खेळविण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. चीन देशांत पिसें लावलेलें फूल पायानें उडवितात. ब्रह्मदेशांत वेताचा चेंडू घेऊन रिंगणांत चिनलोन खेळतात. मलाया व सयाम या देशांत तसाच चेंडू जाळ्यावरून पायानें मारतात. त्या खेळास सेपक टकरॉ म्हणतात. या शेवटच्या खेळांत भारताच्या पुरुष संघानें २०१८ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. तेव्हां ही विद्या आपल्या देशास अगदींच परकी आहे असें नाहीं.

फुटबॅगच्या मुख्य शाखा तीन. पहिलींत पांच फूट उंचीच्या जाळ्यावरून पिशवी प्रतिपक्षाकडे मारावयाची. दुसरींत ती न पाडतां जास्तींत जास्त टोले मारावयाचे. या शाखेंत १४ जून १९९७ रोजीं इलिनॉय संस्थानांतील माउंट प्रॉस्पेक्ट येथें टेड मार्टिन यानें ८ तास, ५० मिनिटें व ४२ सेकंदांत ६३,३२६ टोले मारले. म्हणजे दर सेकंदास जवळजवळ दोन टोले, आणि तेही शाळेच्या संपूर्ण दिवसाहून अधिक काळ ! त्या अवधींत पिशवी एकदांही भूमीस लागली नाहीं.

तिसरी शाखा मुक्तशैलीची. तिच्याच खेळाडूविषयीं येथें विशेष सांगावयाचें आहे. येथें टोल्यांची संख्या मोजीत नाहींत, तर कौशल्य पाहतात. पिशवी पायाच्या बोटांवर अलगद झेलून स्थिर करावयाची, पुन्हां उडवावयाची, आणि ती हवेंत आहे तोंच पायानें तिच्याभोंवतीं वळसा घालून ती परत झेलावयाची. प्रत्येक क्लृप्तीचें मोल तिच्या घटकांवरून ठरतें. पिशवी झेलून थांबविली कीं एक गुण. पायानें घातलेल्या प्रत्येक वळशास एक गुण. एक पाय दुसऱ्याच्या मागून आडवा नेऊन झेलल्यास आणखी एक. शरीराची गिरकी घेतल्यास तिचाही एक. नुसती बोटांवर थांबविलेली पिशवी एका गुणाची, तर पायाचा एक वळसा घालून व मग पाय आडवा नेऊन झेललेली पिशवी तीन गुणांची होते. निष्णात खेळाडू चार-पांच गुणांच्या क्लृप्त्या एकीमागून एक गुंफीत जातो. दोन फूट उंच उडविलेली पिशवी पाऊण सेकंदाच्या आंतच पायाशीं परत येते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कामाची कठीणता कळून येईल.

असा खेळाडू घडतो कसा ? आरंभींचे दिवस बहुधा पिशवी उचलण्यांतच जातात. दोन टोले, कीं ती खालीं. तीन टोले, कीं ती पुन्हां खालीं. उजव्या पायास थोडें वळण लागतें न लागतें तोंच दुसरी अडचण पुढें येते ती डाव्या पायाची. ज्या पायानें आजवर केवळ उभें राहण्याचें काम केलें, त्यास सर्व धडे पहिल्यापासून शिकवावे लागतात. बरा खेळाडू आपल्या चांगल्या पायावर विसंबून राहतो. श्रेष्ठ खेळाडू मात्र दुबळ्या पायास अधिक वेळ देतो. आपल्याकडील मल्लखांबाच्या आखाड्यांतही हेंच दिसतें. एका बाजूस सहज साधलेली उडी दुसऱ्या बाजूस नव्यानें शिकावी लागते.

पुढें स्पर्धेचा दिवस येतो. संगीताच्या तालावर थोड्या मिनिटांचा खेळ करून दाखवावयाचा असतो, व परीक्षक क्लृप्त्यांची कठीणता, त्यांतील विविधता आणि एकंदर सौंदर्य पाहून गुण देतात. पिशवी पडली तर गुण कमी होतात. परंतु खेळाडूची खरी परीक्षा पिशवी पडल्यानंतरच्या क्षणांत असते. जो लाजेनें गोंधळतो त्याची ती दुसऱ्यांदाही पडते. जो शांतपणें उचलून पुढील क्लृप्तीस लागतो, तोच शेवटपर्यंत टिकतो.

झेक प्रजासत्ताकांतील वाट्स्लाव क्लौडा हा या मुक्तशैलींत अनेक वेळां जगज्जेता ठरला. ज्या खेळाचा जन्म अमेरिकेंत झाला, त्यांत यूरोपांतील एका लहानशा देशाच्या तरुणानें अग्रस्थान मिळवावें, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. या खेळास विस्तीर्ण मैदान लागत नाहीं, महाग साधनें लागत नाहींत. दोन हात मोकळी जागा व चिकाटी असली म्हणजे पुरे. म्हणून येथें लहान देश व मोठा देश, श्रीमंत घर व गरीब घर, हा भेद फारसा आड येत नाहीं.

आतां पालकवर्ग विचारील, "या खेळानें पोट भरतें काय ?" याचें प्रामाणिक उत्तर असें कीं, बहुधा भरत नाहीं. या खेळांतील बहुतेक निष्णात मंडळी उदरनिर्वाहासाठीं दुसराच उद्योग करतात. तेव्हां आपल्या मुलानें अभ्यास टाकून पिशवीच्या मागें लागावें, असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. परंतु गणितांत कच्च्या असलेल्या मुलास आपण काय सांगतों ? जें येतें तेंच पुनःपुन्हां न करतां जें येत नाहीं त्यावर बैस. उदाहरण चुकलें तर पाटी पूस व पुन्हां मांड. हाच उपदेश तो अंगणांत स्वतःच्या डाव्या पायाकडून शिकला, तर तो त्याच्या मनांत अधिक खोल रुजेल. ज्या खेळांत टाळ्या नाहींत व धनही नाहीं, त्यांत वर्षानुवर्षें कष्ट करणारा मनुष्य कामाची गोडी कामांतच शोधावयास शिकतो. आणि पुढें तो शेतांत असो कीं कचेरींत, ही शिदोरी त्यास पुरते.

विद्यार्थिमित्रहो, हिंगोलीच्या बाजारांत ही पिशवी मिळाली नाहीं म्हणून खट्टू होऊं नका. शिंप्याच्या दुकानांतील चार चिंध्या मागून आणा, आईकडून मूठभर ज्वारी घ्या, आणि दुहेरी टांक्यांनीं घट्ट शिवा. रोज अभ्यासानंतर पाव तास उजव्या पायानें व पाव तास डाव्या पायानें खेळा, आणि प्रत्येक पायाचे टोले वहींत वेगळे मांडून ठेवा. महिन्याच्या अखेरीस दोन्ही आंकडे ताडून पाहा. डाव्या पायाचा आंकडा उजव्याच्या जवळ सरकला असेल, तर तुमची प्रगति झाली असें समजा. पिशवी पुष्कळदां खालीं पडेल. वांका, उचला, आणि पुन्हां आरंभ करा.