डोळे उघडे, पण दगड दिसला नाही

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा एपिसोड लिहून काढलाय. विषय मेंदूचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीने.

माझ्या मामाचं घर महाडजवळ, तळीयेच्या बाजूच्या एका वाडीत. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून मोठा पाऊस लागला की वाडीत पाळीपाळीने जागतात. ओहोळाचं पाणी अचानक गढूळ झालं का, एखादं झाड कललं का, वरून दगड येतायत का, ते बघायचं.

गेल्या पावसाळ्यात मी ऑफिस करून पुण्याहून गेलो आणि फुशारकीने रात्री एक ते चारची पाळी घेतली. पडवीत बसून बॅटरी मारत होतो. झोपलो नव्हतो, शपथेवर सांगतो. चारला मामा आला आणि म्हणाला, "बाळा, हा दगड कधी आला रे?" पायवाटेवर चांगला टोपाएवढा दगड. माझ्या बॅटरीचा उजेड त्याच्यावरून किती वेळा फिरला असेल! लगेच सगळ्यांना शाळेत नेलं. पुढे काही झालं नाही, पण मला आतून हललं.

आपल्याला वाटतं डोळा म्हणजे कॅमेरा, उघडा असला की दिसणारच. पण डोळ्यातून आलेला सिग्नल मेंदूच्या मागच्या भागात, व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये जातो आणि तिथल्या पेशी किती जोरात उत्तर देणार हे मेंदू त्या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे त्यावर ठरतं. कॅमेरा तोच, पण फोन लो पॉवर मोडवर.

२०१० साली नील आणि स्ट्रायकर या दोघांनी उंदरांना हवेवर तरंगणाऱ्या चेंडूवर ठेवलं आणि समोर पडद्यावर रेघांची चित्रं दाखवली. चित्रं तीच. उंदीर उभा असताना जेवढा प्रतिसाद, तो पळायला लागल्यावर कॉर्टेक्समधल्या पेशींचा दुपटीहून जास्त! गंमत म्हणजे त्याच्या आधीच्या स्टेशनात, थॅलॅमसमध्ये, फारसा फरक नाही. म्हणजे माहिती येत होती तेवढीच, आवाज वाढवला कॉर्टेक्सने. (उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे मान्य.)

माझ्या दगडाशी जास्त जुळणारा प्रयोग २०१७ चा, युवाल नीर आणि सहकाऱ्यांचा. एपिलेप्सीच्या ऑपरेशनआधी फिट कुठून सुरू होते ते शोधायला १२ रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले होते. त्यांना झटपट चित्रं ओळखायला सांगितलं, काहींना रात्रभर जागवूनसुद्धा. जेव्हा उत्तर द्यायला उशीर होई, तेव्हा टेम्पोरल लोबमधल्या पेशींचा प्रतिसादही मंद आणि उशिरा यायचा. त्याच जागी झोपेत दिसतात तशा संथ लाटाही उठत होत्या. माणूस जागा, उत्तर देतोय, आणि मेंदूचा एक तुकडा मात्र डुलकी काढतोय. आणि त्याला स्वतःला ते कळेलच असं नाही. मला तरी कळलं नव्हतं.

मग घाबरून टक्क जागं राहावं का? तेही नाही. ब्रेनस्टेममधला लोकस सिरुलियस नावाचा छोटासा पुंजका नॉरॲड्रेनालिन सोडून मेंदूला सावध करतो. पण भीती फार वाढली की लक्ष एकाच गोष्टीला चिकटतं. कुठे फांदी मोडली की तिकडेच बघत राहतो, ओहोळ विसरतो.

मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे एकट्याने बसायचं नाही, एवढंच ना?" हो, जवळजवळ एवढंच. आता पाळीला दोघं असतात, दोन तासांची पाळी, बसून नाही तर अंगणात फेऱ्या मारत. दिवसभर गाडी चालवून आलेल्याला पाळी नाही. आणि मुख्य म्हणजे रेड अलर्ट आला की पहाटे तीनच्या डोळ्यांवर विसंबायचंच नाही. अंधार पडायच्या आत म्हातारी माणसं आणि पोरं शाळेत.

माझी पाळी आता संध्याकाळी सात ते नऊ.